आग विझल्यावरचा फेस

अस्मिता रोकडे नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला शेजारणींना कधी धड सांगता आलं नाही. बेलवलीच्या त्यांच्या सोसायटीत कुणाची लेक बँकेत, कुणाची शाळेत, कुणाची ठाण्याला आयटीत. गयाबाईंची पाळी आली की त्या म्हणायच्या, "आमची आगीत असते." ऐकणारी दचकायची. मग गयाबाई घाईघाईने सावरून घ्यायच्या, "म्हणजे आग विझवणाऱ्यांत गं. तसं नाही, विझवत नाही ती. विझल्यावर जाते."

गंमत अशी, की हे गडबडीतलं उत्तर अगदी बरोबर होतं.

आग विझली की लोक घरी जातात. मोबाईल खिशात जातात, बघ्यांची गर्दी पांगते. पण कारखान्यातली आग असेल तर खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते. फुटलेल्या पिंपांतून थिनर, सॉल्व्हंट असलं काहीबाही जमिनीवर सांडलेलं असतं. दिसायला पाण्यासारखं. त्यातून वाफ उठत असते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि कुठून एक ठिणगी पडली की विझलेली आग पुन्हा उभी राहते. ते सगळं उपसून, पुसून, भरून नेईपर्यंत त्याच्यावर काहीतरी झाकण हवं. तापल्या दुधावर साय धरावी तसा फोमचा फेस त्यावर धरून ठेवायचा आणि त्याच्या आडोशाने साफसफाई उरकायची. अस्मिताचं काम हे होतं.

या कामाकडे ती वळली ती वडिलांमुळे. बबन रोकडे अंबरनाथला रंगाच्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते. ती बारावीत असताना तिथल्या एका शेडला आग लागली. बंब आले, आग विझली, सगळ्यांनी हुश्श केलं. मग कुणीतरी म्हणालं, चला, चिखल ओढून घेऊ. बबन आणि आणखी दोघे फावडी घेऊन आत गेले. लाकडी फळ्यांच्या खाली थिनर साचलं होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. फावडं फरशीवर घासलं आणि जमीनच पेटली.

दोघे दाराकडे होते, ते बाहेर पळाले. बबन कोपऱ्यात अडकले. त्या वेळी भगवंत म्हात्रे नावाचे अग्निशमन दलातले जवान बाहेर बंबाची लांब नळी म्हणजे होज गुंडाळत होते. त्यांनी गुंडाळलेलं पुन्हा उलगडलं, फोमची नळी उचलली आणि आत शिरले. बबनना पुढे आयुष्यभर एक गोष्ट आठवत राहिली. त्या माणसाने फोम आगीवर मारलाच नाही. त्याने तो बबनच्या मागच्या भिंतीवर मारला. फेस भिंतीवरून खाली घसरला, जमिनीवर पसरत पसरत बबनच्या पायांपर्यंत आला आणि पायांभोवतीच्या ज्वाळा गपकन बसल्या. मग भगवंतांनी त्यांना बखोटीला धरून ओढत बाहेर आणलं.

पाय भाजले, पण वाचले. बबन बरेच महिने घरी होते, नंतर थोडं लंगडत का होईना चालायला लागले. चालता येऊ लागल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर पेढ्यांचा पुडा घेतला आणि लेकीला सोबत घेऊन भगवंतांचं घर गाठलं.

"जयभीम, दादा. ओळखलंत का?"

भगवंतांनी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं. "चालताय की!" म्हणाले. पेढा त्यांनी एकच उचलला. मग अस्मिताकडे वळून विचारलं, "तू काय शिकतेस, बाळा?"

"बारावी झाली. पुढचं ठरत नाहीये."

"फायर सेफ्टीचा डिप्लोमा असतो. कर."

गयाबाईंनी घरी हे ऐकलं तेव्हा त्या चिडल्या. एक माणूस भाजून आलं ते पुरे नाही का, म्हणाल्या. बबन एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तिथं त्या माणसाच्या जागी कुणी नसतं तर? कुणाच्या तरी घरातलं कुणीतरी असावंच लागतं ना गं तिथं."

अस्मिताने डिप्लोमा केला. वर्गात मुली अगदी थोड्या. नोकरीसाठी गेली की आधी ऑफिसातलं काम पुढे करायचे, तिने ते नाकारलं नाही, पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती होज उचलून कंपनीच्या सरावाच्या मैदानात जायची. भगवंतकाका तोवर निवृत्त झाले होते. फोन केला की यायचे. होज खांद्यावर कशी घ्यायची, पाण्याचा धक्का कमरेने कसा पेलायचा, फोम कधी भिंतीवर मारायचा आणि कधी जमिनीवर पुढ्यात टाकून ढकलत न्यायचा, हे तिला त्यांनी शिकवलं. चुकलं की ओरडायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "परत." तिच्या नोकरीतली बरीच वर्षं अशी त्या एका शब्दावर गेली, आणि तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मग अंबरनाथच्या छोट्या कारखानदारांच्या एका संघटनेने ठरवलं, की सगळ्यांनी मिळून एक ट्रेलर ठेवायचा. मोठ्या आगीसाठी पालिकेचे बंब आहेतच, हा फक्त नंतरच्या साफसफाईसाठी. त्यात फोमचे कॅन, वाळू, शोषून घेणाऱ्या चटया, वाफ मोजायचं यंत्र, आणि होजच्या तोंडाला लावायचं नोझल. ट्रेलरची जबाबदारी अस्मिताकडे आली आणि चालवायला पिकअपसह राजू नावाचा उल्हासनगरचा उत्साही पोरगेला ड्रायव्हर. बाकी सगळं जमलं. घोडं अडलं ते नोझलपाशी.

संघटनेचे अध्यक्ष कल्पेशभाई शहा स्वतः केमिकल इंजिनिअर, माणूस मोकळा. त्यांनी एका प्रदर्शनात लांब फेक करणारं एक नोझल बघितलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. "अस्मिताबेन, काय फेकतं! रस्त्याच्या या बाजूला उभं राहा, फोम त्या बाजूला. माणूस सेफ राहतो ना."

मुद्दा काही खोटा नव्हता. खुद्द अस्मितालाही ते पटत होतं. लांब उभं राहता आलं तर कुणाला नको? तरी मनात काहीतरी खटकत होतं आणि ते काय, हे शब्दांत सापडत नव्हतं. ती म्हणाली, "मला जरा बघू द्या," आणि शनिवारी राजूला घेऊन उल्हासनगरला कॅम्प तीनला परसराम शेठच्या दुकानात गेली.

परसराम शेठ म्हणजे या धंद्यातला जुना माणूस. दुकानाबाहेर वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या, आत छतापर्यंत होजची भेंडोळी. शेठला कमी ऐकू यायचं, म्हणून ते स्वतःच मोठ्याने बोलायचे. अस्मिताने कॅटलॉग मागितला.

"कॅटलॉग?" शेठ ओरडलेच. "बेटी, कॅटलॉगमध्ये सगळे नोझल हिरो असतात! चलाके देख. मैदान आहे ना तुमच्याकडे? मी घेऊन येतो."

"शेठ, घेऊच असं नाही पण."

"मत ले! मी कुठे बोललो ले म्हणून?"

आणि खरोखर, पुढच्या आठवड्यात एका सकाळी शेठ स्वतः टेम्पोत बसून आले. मागे गोणपाटावर निरनिराळी नोझलं मांडलेली. लांब बारीक नळीची, बुडाशी हवेची भोकं असलेली, फिरवून फवारा बदलणारी, आणि एक बुटकं, रुंद तोंडाचं, आत जाळी बसवलेलं. दिसायला थेट घासलेटचा डबा कापून त्याला मूठ लावल्यासारखं. राजू ते बघून हसला. "मॅडम, ये तो घरातला डबा वाटतो."

भगवंतकाका आले होते. कल्पेशभाईही आले, हातात चहाचा कप. मैदानात सरावासाठी पत्र्याचा मोठा पसरट ट्रे होता, त्यात पाणी भरलं. काका म्हणाले, "वरून लाकडाचा भुसा टाक. पाण्याच्या जागी सॉल्व्हंट आहे असं समज आणि भुसा किती हलतो ते बघ. जेवढा भुसा ढवळला तेवढी वाफ उठली."

पहिल्यांदा लांब फेकीचं नोझल. अस्मिता दूर उभी राहिली, फोम सुसाट गेला आणि ट्रेमध्ये असा कोसळला की पाणी उसळून भुशासकट बाहेर आलं. कल्पेशभाईंच्या बुटांवरही आलं. ते बुटांकडे बघत राहिले.

"हे तर सगळं बाहेर काढलं याने," ते म्हणाले.

"पेटलेलं असताना लांबून मारायला हे चांगलं," काका म्हणाले. "साचलेलं झाकायचं असेल तर हे त्याला मारतं. आपल्याला मारायचं नाहीये. पांघरायचंय."

अस्मिताच्या मनात खटकत होतं ते हेच. बाबांच्या पाठीमागची भिंत तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

मग ते डब्यासारखं नोझल जोडलं. पहिल्याने त्यातून फेस आलाच नाही, नुसतं दुधाळ पाणी. अस्मिताला वाटलं, बिघडलेलं आहे. शेठ मात्र मांडी थोपटत हसले. "मला बघायचंच होतं! तुमचा इंडक्टर जुना आहे." पाण्याच्या जोरावर कॅनमधला फोम ओढून घेणारा तुकडा म्हणजे इंडक्टर. तो एका मापाचा आणि नोझल दुसऱ्या मापाचं असलं की फोम ओढलाच जात नाही. "ही जोडी असते, बेटी. नवरा इथला, बायको तिथली, असं चालत नाही. नोझल एकटं मागितलंस तर मी देणार नाही. दुसऱ्याकडे जा."

जोडीचा इंडक्टर लावल्यावर रुंद तोंडातून जाड, पांढरा, हलका फेस यायला लागला. फार लांब गेला नाही. पुढ्यात पडला आणि पसरत, सरकत ट्रेवर चढला. भुसा जागच्या जागी राहिला आणि हळूहळू पांढऱ्याखाली दिसेनासा झाला. कल्पेशभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला देता का जरा?" त्यांनी स्वतः नोझल धरलं आणि लहान पोरासारखं इकडून तिकडे फिरवलं. तेवढ्यात वारा सुटला. फेसाचा एक मोठा गोळा उडाला आणि थेट शेठच्या चष्म्यावर बसला.

सगळे हसले. पण हसता हसता कल्पेशभाईच म्हणाले, "अरे, पण खऱ्या जागी वारा असला तर? हा फेस उडून जाणार. मग?"

हे ना अस्मिताच्या डोक्यात आलं होतं, ना काकांच्या. काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शेवटी ठरलं, की ट्रेलरमध्ये दोन नोझलं ठेवायची. एक रुंद जाळीचं, आणि वाऱ्यासाठी एक लांब नळीचं, ज्याचा फेस ओला आणि जड पडतो. ते मात्र थेट मारायचं नाही, भिंत, बांध, काहीतरी आडवं बघून त्यावरून उतरवायचं. दोन्हींना मापाचे इंडक्टर. फोमही असा, की जो सगळ्या जातीच्या सॉल्व्हंटवर टिकेल, कारण काही द्रव साधा फेस खाऊन टाकतात. आणि निघता निघता शेठनी आणखी एक गोष्ट केली. पालिकेच्या बंबाच्या होजला बसेल असंच कपलिंग दोन्हींना लावून दिलं. "तुम्ही तिथं पोहोचाल आणि जोडता येणार नाही, तर शोभेला ठेवणार काय?"

ती खरेदी झाली आणि ट्रेलर शेडमध्ये उभा राहिला. दर शनिवारी अस्मिता आणि राजू दोन्ही नोझलं चालवून बघायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, जाळी पुसायचे. राजू कुरकुरायचा. "मॅडम, साफ का साफ क्या करना?" अस्मिता म्हणायची, "परत," आणि मग तिचं तिलाच हसू यायचं.

फेब्रुवारीतली दुपार होती. अस्मिता डबा उघडून बसली होती, तेव्हा अग्निशमन केंद्राच्या महेश साळवी साहेबांचा फोन आला. सोनिवलीकडच्या रस्त्यावर एक टँकर वळणावर कलंडून खड्ड्यात गेला होता. इंजिनाने पेट घेतला होता, तो विझवला. ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. "पण मॅडम, टाकी चिरली आहे. बाजूच्या सखल जागेत सॉल्व्हंटचं तळं झालंय. दुसरा टँकर आणून उरलेलं काढावं लागेल. तोवर झाकायला तुमचं ते रुंद तोंडाचं आणा. आमच्याकडचं सगळं लांब मारणारं आहे, त्याने ढवळलं जातंय."

अस्मिताने डबा तसाच झाकला.

ती पोहोचली तेव्हा एका बाजूला नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती आणि दुसऱ्या बाजूला शेत. वांग्याचे वाफे, वालाचा मळा, एक विहीर. मधल्या खोलगट जागेत पाण्यासारखं काहीतरी उन्हात चमकत होतं, आणि त्याचा गोडसर, डोकं धरणारा वास. वाफ मोजायचं यंत्र ट्रेलरमधून काढलं तसं ते टीं टीं करायला लागलं. साळवी साहेबांनी रस्त्यावरची वाहतूक थांबवली होती, रस्त्याच्या लाईनची वीज बंद करून घेतली होती, फोन सगळ्यांचे लांब ठेवायला लावले होते.

बंबाची होज आणि तिचं नोझल एका खटक्यात जुळलं. अस्मिताने मनातल्या मनात परसराम शेठना हात जोडले.

तिने वाऱ्याकडे पाठ केली आणि फेस पुढ्यात टाकायला सुरुवात केली. तो सरकत पुढे निघाला. तळ्याचा अर्धा भाग झाकत आला, यंत्राचा टीं टीं मंद होत गेला, आणि तेवढ्यात शेताकडून दोरीमागे उभी असलेली एक म्हातारी हातवारे करत ओरडायला लागली. पोलीस तिला मागे सारत होता. गर्दीत ओरडणारी माणसं असतातच. कुणी लक्ष देईना. पण ती ज्या आकांताने ओरडत होती, ते अस्मिताला बघवलं नाही. तिने नोझल एका जवानाच्या हाती दिलं, "असंच, हळू, पुढ्यात टाका," म्हणाली आणि दोरीपाशी गेली.

"काय झालं, आजी?"

"माझी विहीर हाय ती. कौसाबाई मी. अगं पोरी, ती मोटर! पेटी बघ ती, खांबाला!"

अस्मिताने बघितलं. तळ्याच्या पलीकडच्या कडेला लाकडी खांबावर पत्र्याची एक गंजकी पेटी होती.

"वीज बंद केलीय, आजी. साहेबांनी सांगितलंय."

"रस्त्याची केलीय! शेताची लाईन तिकडून येते, मागल्या डीपीवरून. आमची दुपारची जातेच रोज. आता यायची वेळ झाली. आन् मोटर आटोवर हाय. वीज आली का आपसूक चालू होते ती."

वीज आली की पेटीत खट्‌कन ठिणगी पडणार, आणि पेटीखाली उघडी वाफ. तिने पळत जाऊन साळवी साहेबांना सांगितलं. त्यांनी वायरलेस उचलला आणि मागच्या लाईनसाठी वीज मंडळाला निरोप द्यायला गाडीमागे लांब गेले. पण निरोप पोहोचून तिकडे कुणीतरी स्विच ओढेपर्यंतचा वेळ कुणाच्या हातात नव्हता. चालत जाऊन पेटी बंद करायची, तर तळ्याच्या काठानेच जायला हवं.

"ती बाजू आधी झाका," साहेब येता येता म्हणाले.

पण ती बाजू लांब होती, आणि मोकळ्या शेतात तिथे वारा जोराने वाहत होता. रुंद नोझलचा हलका फेस तिथे टिकेना, कापसासारखा उडायला लागला. कल्पेशभाईंनी मैदानात विचारलं होतं तेच. "राजू, लांब नळीचं!" अस्मिता ओरडली. राजू ते घेऊन धावत आला. मापाचा इंडक्टर त्याने न सांगता सोबत आणला होता. थेट मारला असता तर सगळं ढवळलं असतं. तिने इकडे तिकडे बघितलं. पेटीच्या अलीकडे शेताचा दगडी बांध होता. तिने फोम बांधावर मारला. जड, ओला फेस दगडांवरून ओघळला आणि खाली पसरत निघाला. भगवंतकाकांचा तो 'परत' तिच्या कानात होता आणि हात त्या आवाजावर चालत होते.

फोम म्हणजे बहुतेक पाणीच. विजेच्या पेटीवर तो जाऊ द्यायचा नाही, म्हणून पेटीभोवतीची गवताची एक पट्टी तिने मुद्दाम उघडी सोडली. त्या पट्टीच्या अलीकडे फेस जाड करत नेला. साहेबांनी आग विझवायच्या पावडरचं सिलेंडर घेऊन एका जवानाला विहिरीच्या वरच्या अंगाने त्या बाजूला, पेटीपासून लांब, उभं केलं.

आणि वीज आली.

खट्‌ असा आवाज झाला. इमारतींकडून कुणीतरी किंचाळलं. पेटीखालच्या गवतातून निळसर ज्योत उठली, उघड्या पट्टीवरून सरसर धावत आली, पांढऱ्या फेसाच्या काठाला लागली आणि विझली. जणू तिला पुढे रस्ताच नव्हता. जवानाने उरलेल्या गवतावर पावडर मारली. मोटर धडधडत राहिली, विहिरीचं पाणी वांग्याच्या वाफ्यात पडत राहिलं, आणि थोड्याच वेळात लाईन पुन्हा गेली. साहेबांचा निरोप पोहोचला होता.

अस्मिताचे हात नोझलवर तसेच घट्ट होते. साळवी साहेब जवळ आले. त्यांचा चेहरा घामेजला होता. "मॅडम," ते म्हणाले, "माझी चार पोरं त्या तळ्याच्या काठाला उभी होती." एवढंच बोलून ते पुढे गेले. काम बाकी होतं.

ते काम संध्याकाळपर्यंत चाललं. दुसरा टँकर आला, उरलेलं त्यात ओढून घेतलं. फेस बसत आला की अस्मिता पुन्हा वर नवा चढवायची. फेसाचं पाणीही नाल्याला किंवा विहिरीला जाऊ नये म्हणून वाळूच्या गोण्यांचा बांध घातला, चटया टाकल्या, भिजलेली माती लाकडी फावड्यांनी खरवडून पिंपांत भरली. कौसाबाईंच्या वाफ्याची एक कड त्यात गेली. अस्मिताने त्यांना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे. माती पुन्हा होईल."

रात्री घरी आल्यावर तिने आधी कल्पेशभाईंना फोन लावला आणि वाऱ्याची ती शंका काढल्याबद्दल त्यांचे आभार मानले. त्यांना आधी कळेचना. कळलं तेव्हा म्हणाले, "मी तर शेठचा चष्मा भरला म्हणून बोललो होतो, बेन." दुसऱ्या दिवशी ती कॅम्प तीनला गेली. शेठना सगळी हकीकत दोनदा मोठ्याने सांगावी लागली. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कपलिंग बसलं ना?" त्यांनी विचारलं. "बसलं, शेठ. एका खटक्यात." "बस," ते म्हणाले आणि नोकराला लस्सी आणायला पिटाळलं.

विहिरीचं पाणी तपासून चांगलं असल्याचा निरोप आला, त्यानंतरच्या रविवारी कौसाबाईंनी सगळ्यांना शेतावर जेवायला बोलावलं. साळवी साहेब साध्या कपड्यांत आले, म्हणून आधी कुणी ओळखलंच नाही. भगवंतकाका आले, कल्पेशभाई आले, परसराम शेठ टेम्पोतून उतरले. राजू तर सकाळीच येऊन चुलीला लाकडं फोडून देत बसला होता. भरलं वांगं, वालाची आमटी, तांदळाच्या भाकरी. शेठना वांगं तिखट लागलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दोनदा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर अस्मिता कौसाबाईंजवळ जाऊन बसली. "आजी, त्या दिवशी तुम्ही ओरडला नसतात तर आम्हाला काही कळलंच नसतं. तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही."

कौसाबाई भांड्यात भाकरी झाकून ठेवत होत्या. "मी वरडतच होते," त्या म्हणाल्या. "सगळी जणं बघत होती, हसत होती. तू आलीस ऐकायला. तुझ्या आईबापाला सांग माझा निरोप. पोरगी चांगली घडवलीय म्हणावं."

"मला खूप जणांनी घडवलंय, आजी," अस्मिता म्हणाली, आणि तिने मांडवाखाली बसलेल्या माणसांकडे बघितलं. भगवंतकाका शेठच्या कानाशी वाकून मोठ्याने काहीतरी सांगत होते. कल्पेशभाई राजूला ताक वाढत होते. साळवी साहेब बांधाच्या दगडावर डोकं टेकून चक्क झोपले होते.

"मग त्या समद्यांना वालाच्या शेंगा बांधून दे," कौसाबाई म्हणाल्या. "ऊठ. पिशव्या तिकडं खुंटीला हायेत."

अस्मिता उठली आणि पिशव्या भरायला लागली.